काचेतला डावा पाय

६ नोव्हेंबर, मंगळवार. स्वच्छ ऊन. पाण्याची टाकी धुवून घेतली. चष्म्याची दांडी पुन्हा सैल. दुपारी बँकेत जाऊन आले. मास्तरांच्या दुकानात आजपासून कॉफी मिळू लागली. दर्शनी काचेत माझा डावा पाय टांगला आहे.

रोजनिशीत मी एवढेच लिहिले. एकोणपन्नास वर्षे रोज लिहिते आहे आणि एका दिवसाला आठ ओळींपेक्षा जास्त जागा द्यायची नाही, हा माझा नियम आहे. मास्तर आठ ओळींत मावणार नाहीत, म्हणून हे वेगळ्या कागदांवर.

मास्तर म्हणजे बाजारातल्या मुख्य रस्त्यावर जोडे शिवणारे. दुकान चार पावले रुंद आणि अकरा पावले खोल. हे मापही त्यांचेच. पुढे एक टेबल, मध्ये शिलाईचे यंत्र, त्यावर जोड्याचा वरचा भाग शिवत बसलेली त्यांची बायको, आणि अगदी मागे खिडकीखाली मास्तरांचे बुटके स्टूल. कातड्याचा आणि सरसाचा वास दारातच अंगावर येई. दोन्ही भिंतींवर छतापर्यंत लाकडी पाय टांगलेले. ज्या साच्यावर जोडा चढवून शिवतात त्याला कालबूत म्हणतात, पण मास्तर सरळ 'पाय' म्हणत. प्रत्येक गिऱ्हाइकाची स्वतंत्र जोडी, टाचेवर शाईने आकडा. कोणाच्या बोटावर घट्टा आला की मास्तर लाकडावर त्याच जागी कातड्याचा तुकडा ठोकत. "माणूस म्हातारा झाला की त्याचं लाकूडही म्हातारं करावं लागतं," असे म्हणत.

गिऱ्हाईक वारले तर त्याचे पाय वर्षभर तसेच ठेवायचे, ही त्यांची रीत. मग ते तासून दुसऱ्या कोणाच्या मापाचे करायचे.

"मोठ्याचं लहान करता येतं, लहानाचं मोठं नाही," मास्तर सांगत.

"आमच्या धंद्यात आणि सासरी नियम एकच," यंत्रावरून बायको पुरवणी जोडत असे.

माझे यजमान गेले तेव्हा त्यांचे पाय पुढे कोणाला दिले, हे मी विचारले नाही आणि मास्तरांनी सांगितले नाही. पण कितीतरी महिने रस्त्याने जाताना पुरुषांच्या जोड्यांकडे माझे लक्ष जाई.

मास्तरांना चेहरे लक्षात राहत नसत. कोणी नमस्कार केला तर आधी खाली बघायचे, मग नाव घ्यायचे. शहरातल्या मोठ्या वकिलाला त्यांनी भर रस्त्यात "अहो सपाट तळवे, जोडे घेऊन जा!" अशी हाक मारली होती. वकील आला, हसत आला. तेव्हा त्या रस्त्यावर मास्तरांचा तेवढा अधिकार होता. लग्न ठरले की जोडे त्यांच्याकडे, नोकरी लागली की जोडे त्यांच्याकडे. तीन महिने थांबावे लागे आणि लोक थांबत.

माझा डावा पाय उजव्यापेक्षा अंगठ्याच्या रुंदीइतका आखूड आहे. कॉन्व्हेंटच्या शाळेत मला सगळ्या मुली 'दीडपायी' म्हणत; सिस्टर ऐकत आणि न ऐकल्यासारखे करत. लग्नानंतर यजमान मला मास्तरांकडे घेऊन गेले. मास्तरांनी जुन्या कागदावर दोन्ही पायांची रेघ काढली. तीन महिन्यांनी जोडे दिले. उंची सगळी आतून चढवलेली. बाहेरून दोन्ही अगदी सारखे.

"बाहेर जाड तळवा लावला असता तर काम सोपं होतं," मी म्हटले.

"सोपं होतं. पण रस्त्याला कशाला सांगायचं?"

बाविसाव्या वर्षी मी पहिल्यांदा खांदे सरळ ठेवून चालले. या उपकाराची फेड माझ्या हातून कशी झाली, तेच आता लिहायचे आहे.

पुढे तयार जोड्यांची दुकाने आली. आधी कोपऱ्यावर एक, मग समोरासमोर दोन. तीन महिन्यांची वाट तीन आठवड्यांवर आली, मग तीन दिवसांवर. लोक दारातूनच तयार जोडा पुढे करत, "टाच ठोकून द्या हो जरा," आणि उभेच राहत. मास्तर ठोकून देत. भिंतीवरचे बरेचसे पाय आता तासायला नको होते, कारण ज्याच्या मापाचे करायचे असे नवे गिऱ्हाईक कोणी उरले नव्हते.

त्याच सुमारास पालिकेने जाहीर केले की मुख्य रस्ता गाड्यांना बंद करून फक्त पायी चालणाऱ्यांसाठी ठेवायचा विचार आहे; दुकानदारांचे मत कळवावे. सगळे दुकानदार विरोधात. एकटे मास्तर हरखून गेले. त्यांनी दुकानादुकानांत जाऊन सांगायला सुरुवात केली, "जो चालतो त्याला जोडा लागतो." शेजारचा कुलुपवाला वैतागला.

"तुमचं ठीक आहे हो मास्तर. माझं गिऱ्हाईक गाडीतून उतरतं, कुलूप घेतं, चाललं. कुलपासाठी कोण तंगडतोड करत येणार?"

"चोर चालत येतो ना?"

"येतो."

"मग कुलूप घेणारासुद्धा चालत येईल."

दुकानात हशा झाला आणि त्या हशात कुलुपवाल्याने होकार दिला. एकेक करून एकतीस जण तयार झाले. मग मास्तर माझ्याकडे आले. दारातच म्हणाले, "बाई, अर्ज तुम्ही लिहा. तुमचं अक्षर बघून साहेब उठून उभा राहील."

मी जेवणाच्या टेबलावर बसून तो अर्ज लिहिला. दोनदा कच्चा, एकदा पक्का. सिस्टरांनी आम्हाला पत्रलेखन शिकवताना सांगितले होते की कोणतेही मागणीपत्र नुसत्या मागणीवर संपवू नये. समोरच्याला बसायला एक खुर्ची ठेवावी. म्हणजे शेवटी आपणही काहीतरी देऊ करावे. ते मला इतके अंगवळणी पडले आहे की दूधवाल्याला चिठ्ठी लिहितानाही मी खुर्ची ठेवते. अर्जाच्या शेवटी मी माझ्या मनाने एक वाक्य घातले: 'रस्त्याच्या नव्या रूपास साजेसा दर्शनी भाग व व्यवसाय राखण्याबाबत पालिका ज्या सूचना करील, त्यांस आम्हां दुकानदारांची हरकत राहणार नाही.' ते कोणी सांगितले नव्हते. कोणी मागितलेही नव्हते. मला ते वाचायला छान वाटले, एवढेच.

मास्तरांनी अर्ज हातात घेतला, लांब धरून बघितला, जसा ते कातड्याचा पोत बघत. पहिली सही त्यांची.

मंजुरी मिळाली. काम सहा महिन्यांत व्हायचे ते चौदा महिने चालले. रस्ता खणून ठेवला. दुकानात जायला फळ्या टाकलेल्या. त्यावरून म्हातारी माणसे येईनात, तरुण तर आधीच येत नव्हते. अकराव्या महिन्यात कुलुपवाल्याने दुकान सोडले. जाताना मास्तरांच्या दारात येऊन म्हणाला, "दुसऱ्यांचे पाय सांभाळता सांभाळता स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतलात. थोडा आमच्याही पडला." मग त्याने आपल्या शटरला सात कुलपे लावली. "विकली गेली नाहीत. निदान लागू देत तरी."

रस्ता झाला आणि सुंदर झाला, हे मान्य केले पाहिजे. बाक, कुंड्या, पिवळे दिवे. माणसेही आली, थव्याने आली. मास्तरांचा अंदाज चुकला नाही. फक्त ती रबरी तळव्याचे जोडे घालून आली, जे झिजले की टाकून देतात. दारात थांबून आतल्या लाकडी पायांचे फोटो काढत आणि पुढे जात. मास्तरांचे दुकान ज्याने भाड्याने दिले होते त्या इमारतीच्या मालकाला मात्र रस्त्याची किंमत लगेच कळली. वर्षभरात पालिकेची नोटीस आली: ठोकाठोकी आणि सरसाचा वास रस्त्याच्या नव्या रूपाशी विसंगत असल्याची तक्रार आहे, सुनावणीस हजर राहावे. तक्रार कोणाची ते लिहिले नव्हते. लिहायची गरज नव्हती.

सुनावणीला मास्तर मला घेऊन गेले. "तुम्ही बोला, बाई. तुम्हाला त्यांची भाषा येते." अधिकारी सभ्य होता. आम्हाला खुर्च्या दिल्या, पाणी मागवले. मग फाइल उघडून माझा अर्ज काढला आणि शेवटचे वाक्य मोठ्याने वाचले. दोनदा वाचले. 'दर्शनी भाग व व्यवसाय' यावर थांबून त्याने विचारले, "ही सही आपलीच ना?"

मी बोलणार होते की ते वाक्य माझे आहे, यांना ठाऊकसुद्धा नाही. तेवढ्यात मास्तरांनी खाली माझ्या जोड्यांकडे बघितले आणि म्हणाले, "माझीच. वाचून केली."

दुकान रिकामे करायला दोन महिन्यांची मुदत मिळाली. बाहेर पायऱ्या उतरताना ते एवढेच म्हणाले, "अक्षर फार सुंदर आहे, बाई, तुमचं. फाशीचा हुकूमसुद्धा दोनदा वाचावासा वाटतो."

त्यांनी दुकानावर पाटी लावली: 'आपापले पाय घेऊन जावेत.' आता मुक्काम मुलीकडे, आणि तिच्या दोन खोल्यांच्या घरात पाचशे-सहाशे जोड्या मावणार नव्हत्या. ऐकले की चार माणसे आली. त्यांतला एक सरपण म्हणून घेऊन गेला. मी गेले नाही. कोणत्या तोंडाने जाणार होते? रोजनिशीत त्या आठवड्याच्या नोंदी आहेत: पडदे धुतले, डाळ निवडली, कपाट आवरले. उरलेले पाय दुकानाबरोबर मालकाकडे राहिले.

त्याला दोन वर्षे झाली; दुकान तोवर बंदच होते. परवा त्या रस्त्याने बँकेत जाताना काचेपाशी थबकले. तारेला टांगलेले लाकडी पाय, त्यांवर पिवळा उजेड, आणि अगदी मधोमध माझा. तळाशी चढवलेले कातड्याचे थर मी कुठेही ओळखीन. आत गेले. पेल्यांमागे उभ्या मुलीला म्हटले, "तो मधला पाय मला हवा आहे."

"आजी, ते डेकोरेशन आहे. विकायचं नाहीये."

"विकत नको. तो माझाच आहे."

तिने वाकून माझ्या पायांकडे बघितले. दोन्ही जोडे सारखे दिसले असणार. "बसा ना आजी," ती गोड आवाजात म्हणाली, "साखर कमी घालू का?"

काल मास्तरांच्या मुलीच्या घरी गेले. तिसरा मजला, दोन वर्षांत पहिल्यांदा. दार त्यांच्या बायकोने उघडले. "या," ती म्हणाली, "जिना चढायला दोन वर्षं लागली." आणि आत निघून गेली.

मास्तर खिडकीशी खुर्चीत बसले होते. हात मांडीवर, नखे स्वच्छ. त्यांची नखे मी कधी स्वच्छ पाहिली नव्हती. आधी खाली बघितले, मग माझे नाव घेतले.

"डावी टाच सुटायला आली आहे. बाहेरच्या अंगाला झिजली. घाईत चालता."

मी काचेतल्या पायाचे सांगितले. मग जे दोन वर्षांपूर्वी सांगायचे होते तेही. "ते शेवटचं वाक्य माझं होतं, मास्तर. तुम्ही वाचलंही नव्हतं."

"ठाऊक आहे. 'साजेसा' असला शब्द माझ्या सात पिढ्यांत कोणी उच्चारला नसेल."

"मग मला एका शब्दाने बोलला का नाहीत?"

"बोललो असतो. तुम्ही पाय घ्यायला आला असता तर चांगला बोललो असतो. मनाशी सगळं जुळवून ठेवलं होतं." ते खिडकीबाहेर बघत राहिले. "शेवटचे तीन दिवस तुमचे पाय वरच्या रांगेतून काढून टेबलावर ठेवले होते. पुसून. तुम्ही आल्यावर शिडी शोधायला नको म्हणून. मग किल्ली द्यायची वेळ झाली."

म्हणजे भिंतीवरच्या शेकडो जोड्या सोडून माझाच पाय मधोमध का लागला, ते कळले. नव्या लोकांना आत शिरताच समोर टेबलावर जे पुसून ठेवलेले मिळाले, ते त्यांनी आधी टांगले.

आतून कपबशीचा आवाज आला नाही. मी उठले. दाराशी गेल्यावर, काही तरी बोलायचे म्हणून, किंवा खरोखरच, विचारले, "टाच तेवढी लावून द्याल का? हत्यारं असतील ना?"

"आहेत," मास्तर म्हणाले. "दुकान बंद आहे, बाई."

जिना उतरताना दुसऱ्या मजल्यावर टाच निघाली. ती पिशवीत टाकली आणि कठड्याला धरून उतरले. घरापर्यंतच्या रस्त्यावर किती जणांनी मागे वळून बघितले ते मोजले नाही.

७ नोव्हेंबर, बुधवार. ढगाळ. दूध अर्धा लिटर. चष्म्याची दांडी दोऱ्याने बांधली. डाव्या जोड्याची टाच गोंदाने चिकटवली, वर इस्त्री ठेवली आहे.