पूर्वेकडची घळ

जावा बेटावरच्या त्या ज्वालामुखी डोंगराला गावात सगळे आजोबाच म्हणत. आणि आजोबांची नाडी फक्त पार्दियोला कळते, असंही म्हणत. बावीस वर्षं तो निरीक्षण चौकीवर होता. भूकंपमापकाच्या सुईनं कागदावर ओढलेले फराटे मोजायचे, धुराचा रंग टिपायचा आणि गावात उतरला की लवंगी सिगारेट ओढत लोकांच्या शंका फेडायच्या. शिक्षण जेमतेम, पण मान गावच्या मुखियापेक्षा जास्त. सगळे त्याला आदरानं पाक, म्हणजे काका, म्हणत.

मग चौकीवर एंदाह आली. सत्तावीस वर्षांची, विद्यापीठात शिकलेली. तिनं शिखराच्या कडेला आरसे बसवले आणि चौकीतून त्यांवर प्रकाशाचा झोत टाकून अंतर मोजू लागली. अंतर घटलं की डोंगर फुगतोय, एवढं साधं.

महिन्याभरात बायका तिला म्बाक, म्हणजे ताई, म्हणू लागल्या आणि गवताला वर जावं का, हेही तिलाच विचारू लागल्या. एकदा गावातली सारिनेम केळीच्या पानात भात घेऊन आली आणि पार्दियोसमोरून सरळ आत एंदाहकडे गेली.

"आणि मला गं?"

"तुमचं काय, पाक पार्दियो, तुम्ही घरचेच!"

घरचेच म्हणे! दिवसभर त्याला ते खुपत राहिलं.

एप्रिलमधल्या एका सकाळी नऊच्या सुमारास एंदाह वही घेऊन आली. "पाक, पूर्वेचा आरसा तीन दिवसांत चाळीस सेंटिमीटर पुढे सरकलाय. लाव्हाचा घुमट तिकडे कलतोय. पूर्वेकडच्या घळीखालचं गाव हलवायला हवं. मी पलीकडच्या चौकीवरून पुन्हा मोजते, तुम्ही जिल्हा कचेरीला वायरलेसवर कळवा."

"आजोबा पश्चिमेलाच ओकतात. बावीस वर्षं बघतोय."

"आजवर ओकले असतील," ती म्हणाली आणि निघून गेली.

वायरलेस समोर होता. पार्दियोनं हात लावला नाही. आकडा चुकला तर बरीच जिरेल हिची, असं त्याच्या मनात आलं. आणि खरा निघाला तर? तर हिच्या नावाचा डंका मी का पिटायचा?

तो फराटे मोजत बसला. एरवी दिवसाला तीसेक असायचे. दुपारपर्यंत नव्वद झाले. आता कुणी सांगायची गरजच नव्हती. तिचं खरं होतं, आणि तेच त्याला गिळवत नव्हतं. दोन वाजता त्यानं वायरलेस उचलला.

मग तो धावतच गावात उतरला आणि लाकडी घंटा बडवू लागला. सारिनेम दारात आली. "हे तुम्ही सांगताय की म्बाक एंदाह?"

"तीच सांगतेय. आवर लवकर!"

कचेरीनं पाठवलेल्या ट्रकांतला शेवटचा साडेपाचला माणसं घेऊन निघाला. सहाला पूर्वेकडच्या घळीतून राखेचा लोट धडधडत खाली आला. माणूस एकही गेला नाही. गोठ्यांतल्या अकरा गाई मात्र गेल्या. त्यातल्या दोन सारिनेमच्या. त्यांना हलवायला वेळच उरला नव्हता.

छावणीत लोक पार्दियोचे हात हातात घेऊन आभार मानत होते. त्याला ते सोसेना. तो एंदाहसमोर जाऊन उभा राहिला.

"मी दोनला कळवलं. नऊला नाही."

"वायरलेस बिघडला होता?"

"नाही. मी बिघडलो होतो."

ती म्हणाली, "नोंदवहीत लिहा. आणि सारिनेमला स्वतः सांगा."

त्यानं दोन्ही केलं. कचेरीनं ठपका ठेवला. सारिनेम वर्षभर त्याच्याशी बोलली नाही. आरशांचं मोजमाप तो एंदाहकडून शिकला, आणि ती फराटे वाचायला त्याच्याकडून. हेवा मात्र समूळ गेला नाही. गवताचं विचारायला आलेल्या बायकांना एंदाह म्हणायची, "पाकना विचारा, त्यांना जास्त कळतं." तेव्हाही त्याला आत कुठेतरी टोचायचंच.