दर गुरुवारी, दहा ते एक

आमच्या भोरच्या ऑफिसात कुणी "कधी कधी" म्हणालं की सर तर्जनी वर करायचे. "दर, की कधीतरी?" एवढंच विचारायचे आणि उत्तर येईपर्यंत बोट खाली येत नसे. चहावाले काका एकदा म्हणाले, "सर, आज दूध न्हाई." सरांनी बोट वर केलं. "दर मंगळवारी नाही, की फक्त आज?" काकांनी थोडा विचार केला आणि समोरच्या दुकानात कोरा चहा द्यायला निघून गेले.

असा एक माणूस तुमच्याही पाहण्यात असेल. ज्ञान भरपूर, आणि ते ऐकून घ्यायला आपण हाताखाली. मी जवळच्याच उत्रोलीची, नुकती नोकरीला लागलेली. सर पुण्याहून भोरला आले ते जणू आम्हाला घड्याळ शिकवायलाच. भिंतीवरच्या कॅलेंडरकडे ते असे बघत, जसं काही हे आपल्याला न विचारता छापलंय.

भोर-वेल्ह्याच्या डोंगरी गावांतून एका संस्थेचा फिरता दवाखाना जायचा. त्याच्या फेऱ्यांचं सॉफ्टवेअर बनवायचं काम आमच्याकडे आलं. माहिती द्यायला सिस्टर आल्या. चाळिशीच्या, उन्हानं रापलेल्या, हिर्डोशीची फेरी त्यांच्याकडे. सरांनी विचारलं, "फेरी कधी?"

"दर गुरुवारी, धा ते एक. पण भाताच्या आवणीत मान्सं शेतात असत्यात, तवा आमी सांजच्याला थांबतो. पण जत्रंला न्हाई. पण घाटात दरड आली तर..."

"सिस्टर," सर म्हणाले, "तुम्ही पहिल्या 'पण'च्या आधी थांबत चला."

सिस्टर थांबल्या. सरांनी टाइप केलं : दर गुरुवारी, दहा ते एक, हिर्डोशी. मग खुर्ची मागे ढकलून आमच्याकडे वळले. "बघा. अख्खा दवाखाना एका ओळीत. मागच्या फेऱ्या, पुढच्या फेऱ्या, सगळ्या या ओळीतूनच निघणार." मी भीत भीत विचारलं, "सर, हा नियम कधीपासून, कधीपर्यंत, ते नको का लिहायला?" सर हसले. "नियमाला कसली आलीय सुरुवात आणि शेवट?" मी मान डोलावली. नवी नोकरी होती.

वर्षभर सगळं छान चाललं. सिस्टर हिर्डोशीला पोचल्या की मोबाईलवर हजेरीचं बटण दाबायच्या. मग संस्थेनं फेरी शुक्रवारवर नेली. सरांनी आम्हा सगळ्यांना गोळा केलं आणि त्या ओळीतला 'गुरुवार' खोडून 'शुक्रवार' केला. "एक क्लिक!" म्हणाले. आम्ही टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, त्याची मला अजून लाज वाटते.

महिनाअखेरीस सिस्टर तरातरा जिना चढून आल्या. हातात संस्थेची नोटीस होती. वर्षभरातल्या सगळ्या फेऱ्यांना गैरहजर, खुलासा द्या, नाहीतर करार वाढवणार नाही. घर त्यांच्या एकटीच्या पगारावर चालत होतं. दोन मुली भोरच्या कॉलेजात होत्या.

सरांनी स्क्रीन बघितला. "रिपोर्ट बरोबर आहे. फेरी शुक्रवारची, तुमची हजेरी गुरुवारची."

"सर, शुक्रवार तुमी आत्ता केलाय. मी गेल्या सालात शुक्रवारी कशी जानार?"

"सिस्टीम चुकत नाही हो, सिस्टर. नियम म्हणजे..." सरांचं बोट वर गेलं.

"म्या पायी जाऊन गोळ्या दिल्यात. एसटी बंद व्हती तवा बी गेलेय. झालेला गुरुवार उचलून तुमी शुक्रवारी कसा ठिवता? कुनाला इचारून?"

ते बोट तसंच राहिलं. मग हळूहळू खाली आलं. वर्षभरात मी ते उत्तराविना खाली आलेलं पहिल्यांदा पाहिलं, आणि खरं सांगते, मला आनंद झाला.

दुपारी सर स्क्रीनसमोर बसले. एका ओळीच्या दोन ओळी केल्या. जुनी गुरुवारची, फेरी बदलली त्या दिवशी संपणारी. नवी शुक्रवारची, तिथून सुरू होणारी. तेवढ्यानं वर्षभराची हजेरी जागेवर आली. शाळेतल्या पोराला सुचलं असतं, इतकं सोपं होतं ते.

मग पत्र. सरांचा पहिला मसुदा असा : "तांत्रिक अद्ययावतीकरणादरम्यान काही विसंगती निदर्शनास आल्या..." सिस्टरनी तो वाचला. "ह्यात मी हजर व्हते, आसं कुठं लिवलंय?" सरांनी कागद फाडला. दुसऱ्यावर लिहिलं : "सिस्टर प्रत्येक गुरुवारी हजर होत्या. चूक माझी आहे." मी म्हटलं, "सर, 'आमची' लिहा ना, टाळ्या आम्हीही वाजवल्या होत्या." त्यांनी नकारार्थी मान हलवली आणि तशीच सही केली. पत्र पोस्टात टाकलं नाही. दुसऱ्या दिवशी एसटीनं स्वतः पुण्याला, संस्थेच्या ऑफिसात घेऊन गेले.

आठवड्यानं संस्थेचं उत्तर आलं. सरांनी माझ्यासमोर पाकीट फोडलं, वाचलं आणि लगेच सिस्टरना फोन लावला. "करार वाढला तुमचा. अभिनंदन." पलीकडून सिस्टर रडत होत्या की हसत होत्या, कळत नव्हतं. मग त्यांनी काहीतरी विचारलं. सर म्हणाले, "माझं काय, चालूय नेहमीसारखं." पत्र घडी करून त्यांनी टेबलाच्या खणात ठेवलं, उरलेला चहा संपवला आणि पाचला निघाले.

सोमवारी ते आले नाहीत. मंगळवारी मालक म्हणाले, ते आता येणार नाहीत, आणि मला त्यांचं टेबल आवरायला सांगितलं. खणात संस्थेचं ते पत्र होतं. पहिली ओळ सिस्टरच्या कराराची. दुसरी आमच्या मालकांसाठी : ही चूक ज्यांनी लेखी कबूल केली आहे, त्यांच्याकडे आमचं काम यापुढे ठेवू नये. आमच्या ऑफिसात दुसरं काम होतंच कुठे?

त्या माणसाच्या नकला करून मी घरच्यांना वर्षभर हसवलं होतं. मी सिस्टरना फोन केला आणि दुसरी ओळ वाचून दाखवली. त्या हिर्डोशीत फेरीवर होत्या, मागे बायकांचा गलका चालला होता. त्यांनी ती ओळ पुन्हा एकदा वाचायला लावली.

"चूक लपिवनारे सगळे ऱ्हायले की गं कामावर," त्या म्हणाल्या. "त्येंचा नंबर दे."

मी दिला. मीही लावून पाहिला होता. सर उचलत नव्हते.