तिसरं नाव

बब्रुवान भित्रा होता. हे आधीच सांगितलेलं बरं, नाहीतर पुढं कुणाला वाटायचं की ही एखाद्या शूर गड्याची गोष्ट आहे. फोन वाजला की तो दचकायचा. ऑफिसच्या साहेबांची बुलेट फाट्यावर वळली की हातातला झाडू खाली ठेवावा की धरून उभं राहावं, हे त्याला सुचायचं नाही. बायको द्वारका म्हणायची, "आपल्याच सावलीला भ्येणारा दादला पदरी पडलाय, आता पवित्र म्हणायचं." तो हसून सोडून द्यायचा, कारण तिचं काही खोटं नव्हतं.

भीतीला कारण होतं. बहात्तरच्या दुष्काळात बब्रुवान पंधरा वर्षांचा होता आणि बापाबरोबर पाझर तलावाच्या कामावर माती वाहायला जायचा. एक दिवस बापानं कारकुनाला विचारलं, की खड्ड्याचं माप कमी का धरलं. कारकुनानं पेनाचं टोपण काढलं, मस्टरातल्या बापाच्या नावावर एक रेघ ओढली आणि टोपण परत लावलं. झालं. बापलेक कुदळ-पाटी घेऊन घरी आले. तेव्हापासून नाव लिहिणाऱ्या आणि नाव खोडणाऱ्या माणसाची बब्रुवाननं जी धास्ती घेतली, ती घेतलीच.

आणि गंमत बघा, त्याचं स्वतःचं अक्षर मात्र देखणं. वस्तीतल्या विहाराच्या फळ्यावर रोज सकाळी तो खडूनं एक वचन लिहायचा, आणि बेंबळीच्या बाजारला जाणारी माणसं सायकल थांबवून वाचायची. ते अक्षर बघूनच साखर कारखान्याच्या शेतकी साहेबांनी, शरणबसप्पांनी, त्याला फाट्यावरच्या गट ऑफिसात शिपाई म्हणून घेतलं. नोकरी हंगामी. दिवाळीला बोलावणं यायचं, शिमग्याला घरी. चार हंगाम झाले होते. अख्ख्या वस्तीत महिन्याच्या पगारावरचा तो पहिलाच माणूस, म्हणून पुढच्या दिवाळीला बोलावणं येईल का, ही काळजी तो पाडव्यापासूनच करायला लागायचा.

गट ऑफिसात फळ्यावर तोडीची पाळी लागायची. म्हणजे कुणाचा ऊस आधी तोडायचा, कुणाचा मागनं, त्याची यादी. लागणीच्या तारखेप्रमाणं यादी करायची, असा कारखान्याचा नियम. नियम चांगला होता, पण फळा काळा होता आणि खडू पांढरा. संध्याकाळी चौदावं असलेलं नाव सकाळी दुसरं झालेलं असायचं, आणि विचारायला जावं तर कालची यादी बघितली कुणी? लोक म्हणायचे, "खडूची पाळी म्हंजे अळवावरचं पाणी." म्हणायचे आणि घरी जायचे.

शहाऐंशीचा पावसाळा कोरडा गेला. विहिरींनी तळ दाखवला, उसाची पानं उभ्या उभ्या पिवळी पडली. उशिरा तुटणारा ऊस म्हणजे सरपण, हे सगळ्यांना दिसत होतं. आणि नेमक्या त्याच हंगामात कारखान्याच्या मोठ्या साहेबांनी पुण्याहून तीन पांढरे फळे आणले. गुळगुळीत, चकचकीत, पेनानं लिहायचे आणि फडक्यानं पुसायचे. त्यातला एक फाट्यावर आला. "जपा रे," शरणबसप्पा म्हणाले, "ओरखडा जरी पडला तरी मला जाब द्यावा लागेल." बब्रुवान त्या फळ्याला पुसायचासुद्धा भीत भीत.

यादी झाली त्या दिवशी क्लार्क रामकिसन मेव्हणीच्या लग्नाला नळदुर्गला गेलेला. शरणबसप्पांनी वीस नावांचा सहीचा कागद बब्रुवानच्या हातात दिला. "तू लिही. तुझं अक्षर त्याच्यापेक्षा बरं आहे." एवढं बोलून ते माकणीकडं ऊस तोडणाऱ्या टोळ्या बघायला गेले.

बब्रुवाननं टेबलाचा खण ओढला. आत दोन पेनं. दोन्ही काळी, दोन्ही जाड, टोपणंसुद्धा एकसारखी. एक फळ्याचं होतं. दुसरं उसाच्या नमुन्यांच्या प्लॅस्टिक पिशव्यांवर नंबर घालायचं, पाण्यात भिजलं तरी न जाणारं. त्यांच्यावर काय लिहिलंय ते इंग्रजीत, आणि बब्रुवानची सातवी मराठीत झालेली. हाताला लागलं ते पेन त्यानं घेतलं आणि जीव ओतून वीस नावं लिहिली. एकही रेघ वाकडी गेली नाही.

तोवर लोक जमलेच. त्यांत कडूबाई होती. नवरा जाऊन सहा वर्षं झालेली, दीड एकर आडसाली म्हणजे दीड वर्षाचा ऊस, विहिरीत घागर बुडंल एवढंसुद्धा पाणी नाही. तिला वाचता येत नव्हतं.

"बब्रू, माझं कितवं हाय रं?"

"तिसरं, मावशी."

"खरंच तिसरं? फुडं सरकवून सांगू नको बाबा, मला बरं वाटावं म्हणून."

"तुमीच बघा की. ह्ये वरनं तिसरं."

म्हातारीनं पुढं होऊन आपल्या नावावर बोट ठेवलं आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं. मग बोट डोळ्यांपाशी नेऊन बघितलं. "खडू लागतो बोटाला," ती म्हणाली, "ह्ये काय लागलं न्हाय." तिला बरं वाटलेलं दिसलं. पदर सावरून ती गेली.

फळ्याच्या पेनाला नुसतं बोट लागलं तरी बोट काळं होतं, हे बब्रुवानला मात्र माहीत होतं. त्यानं खणातलं दुसरं पेन काढलं, कोपऱ्यात एक टिंब दिलं आणि पुसलं. टिंब गेलं. मग यादीतल्या एका अक्षरावरून फडकं फिरवलं. अक्षर जागचं हललं नाही.

लोक जाईपर्यंत तो नुसता उभा होता. मग त्यानं दार लोटलं आणि घासायला लागला. ओलं फडकं झालं, साबण झाला, थुंकी झाली. शेवटी चुलीतली राख आणून तळाच्या विसाव्या नावावर, श्रीपतीच्या नावावर, चोळली. अक्षर भुरकं झालं आणि फळ्यावर बारीक ओरखडे उमटले. कारखान्याचा पुण्याचा फळा त्यानं नासवला होता. कारकुनाच्या पेनाचं टोपण त्याला डोळ्यांपुढं दिसत होतं. त्या संध्याकाळी द्वारकानं विचारलं, जेवत का न्हाय, तर तो म्हणाला, दात दुखतोय.

सकाळी तो तांबडं फुटायला ऑफिसात आला. निदान श्रीपतीचं भुरकं झालेलं नाव तरी नीट दिसावं, म्हणून त्यानं फळ्याचं पेन घेऊन त्याच अक्षरांवरून गिरवायला घेतलं. एक रेघ बाहेर गेली. त्यानं लगेच फडक्यानं टिपली, आणि फडक्याबरोबर वरची शाई गेली, खालचीही गेली. 'श्री' होता तिथं पांढरा फळा. त्याला वाटलं डोळे फसले. त्यानं पुढची अक्षरं गिरवली, ओली असतानाच पुसली. गेली. काट्यानं काटा निघावा तसं पेनानं पेन निघत होतं. बब्रुवान तिथंच फरशीवर बसला आणि त्याला रडू आलं. मग डोळे पुसून उठला. आता खालून एकेक नाव काढायचं आणि बरोबर पेनानं परत लिहायचं, कुणाला कळायचं नाही.

एकच नाव निघालं होतं तेवढ्यात जीप वाजली. त्यानं पेन खिशात टाकलं.

जीपमधून शरणबसप्पा उतरले आणि त्यांच्यामागून हिंमतराव. हिंमतराव कारखान्याचे डायरेक्टर. अकरा एकर ऊस, यादीत चौदावं नाव. मागं तोडचिठ्ठी घ्यायला आलेले दहा-बारा शेतकरी ओट्यावर चढले होते. त्यांत कडूबाई होती आणि श्रीपतीही होता.

"माझ्या लागणीची तारीख कागदात चुकलीय," हिंमतराव खुर्चीत बसत म्हणाले. "दुरुस्ती करून घ्या साहेब. माझं नाव वर घ्या, बाकीचे सरकतील खाली."

अकरा एकर म्हणजे टोळीचे वीस दिवस. शरणबसप्पांनी फळ्याकडं बघितलं, हिंमतरावांकडं बघितलं आणि हळूच म्हणाले, "बब्रुवान, पूस वरची नावं."

बब्रुवाननं फडकं घेतलं आणि पहिल्या नावावरून फिरवलं. नाव तसंच. त्यानं जोर लावला. नाव तसंच. साहेबांनी फडकं ओढून घेऊन स्वतः घासलं. मग हिंमतराव उठले, त्यांनी खिशातला रुमाल माठात बुडवून घासला, आणि त्यांच्या कपाळावर घाम आला तरी एक मात्रासुद्धा हलली नाही.

"कशानं लिव्हलंस रं ह्ये?" हिंमतरावांनी विचारलं.

"पेन चुकलं, दादा." आवाज इतका बारीक की त्याचा त्यालाच ऐकू आला नाही. "पिशव्यांचं पेन लागलं हाताला."

"मग काढायचं कसं?"

खिशातलं पेन बब्रुवानच्या छातीला टोचत होतं. आता सांगून टाकलं तर चूकही माफ, फळाही स्वच्छ, पुढच्या दिवाळीचं बोलावणंही पक्कं. एवढं सगळं त्याला त्या क्षणी समोर दिसत होतं.

"निघत न्हाय," तो म्हणाला. "म्या काल लई घासलं. निघतच न्हाय."

हिंमतरावांची नजर फळ्यावरून खाली खाली गेली आणि तळाशी थांबली. "एकोणीसच नावं दिसत्यात. विसावं कुठं गेलं? ह्ये कसं निघालं?"

खोटं रचायचं तर आधी सुचावं लागतं, आणि बब्रुवानला काहीएक सुचत नव्हतं. ते नाव काल सगळ्यांनी वाचलेलं. ज्याचं नाव, तो दारात उभा. आता गेलो, एवढंच त्याच्या मनात आलं.

"माझं हाय ते," दारातून श्रीपती म्हणाला. त्यानं खांद्यावरचा टॉवेल या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतला. "काल लिव्हायचंच राहिलं हुतं. म्या म्हनलं, असू दे, शेवटचंच तर हाय. उद्या लिव्हंल."

"व्हय," मागचा कुणीतरी म्हणाला. "आमीबी बघितलं. राहिलंच हुतं."

आदल्या दिवशी ते नाव या सगळ्यांनी डोळ्यांनी वाचलं होतं. आता एकहीजण बब्रुवानकडं बघत नव्हता.

"मग फळाच काढा भिंतीवरनं," हिंमतराव म्हणाले.

शरणबसप्पांनी घसा साफ केला. "काढला तर मोठे साहेब विचारतील दादा, फळा कुठं गेला. मग यादीही विचारतील."

हिंमतराव उठले. दारात थांबून त्यांनी बब्रुवानकडं बोट केलं. "हंगाम संपला की ह्याला घरी बसवा. चांगला फळा नासवला." जीप गेली. तिसऱ्या पाळीला कडूबाईच्या रानात टोळी शिरली, आणि वाळायच्या आत दीड एकर ऊस गाडीत भरून गेला.

फळा तसाच राहिला. पुढच्या याद्या कागदावर लिहून भिंतीला टाचल्या, तर त्याही कुणाला बदलायला जमेनात, कारण लोक रोज येऊन वाचायला लागले होते. बब्रुवान मात्र हंगामभर रोज भीत होता. शेवटी शिमगा आला आणि शरणबसप्पांनी खाली बघत सांगितलं, की पुढच्या वर्षाच्या यादीत त्याचं नाव नाही. पुढं त्यानं नळदुर्गला हायवेवर ट्रकांचे नंबर रंगवून पोट भरलं. ड्रायव्हर लांबून ओळखायचे, हा बब्रुवानचा हात. पण ते पुढचं झालं.

शेवटच्या दिवशी दुपारी शरणबसप्पा ऑफिसात आले तर बब्रुवान फळ्यापुढं उभा. एका हातात पेन, एका हातात फडकं. गिरवायचं, पुसायचं, जुनी शाई होती म्हणून परत गिरवायचं, परत पुसायचं. फळा बराचसा पांढरा झाला होता. वरची तीनच नावं उरली होती. चाहूल लागल्यावर तो दचकला, पेन हातातून पडलं.

"म्हणजे निघत होतं," साहेब म्हणाले.

"व्हय साहेब. तुमाला जाब द्यावा लागू न्हाय म्हणून..."

"त्या दिवशी माहीत होतं तुला?"

"व्हय साहेब."

"मग बोलला का नाहीस? नोकरी राहिली असती की तुझी."

"लई भ्या वाटलं साहेब."

"कुणाचं? हिंमतरावांचं?"

बब्रुवाननं वाकून पेन उचललं. तिसऱ्या नावाकडं त्यानं बघितलं.

"न्हाय," तो म्हणाला. "म्हातारी बघत हुती."

शरणबसप्पांनी त्याच्या हातातून फडकं घेतलं आणि खुंटीला टांगलं. "राहू दे ती तीन," ते म्हणाले.