खोली क्रमांक १७ आणि बागवान सरांची पेन्सिल

१. गेल्या सोमवारी सकाळी बागवान सर गेले. ऑफिसला निघताना, बूट घालता घालता.
२. मंगळवारी त्यांच्या टेबलावरची फाइल माझ्याकडे आली.
३. फाइलमध्ये अकरा वर्गखोल्यांची यादी आहे. त्यातली खोली क्रमांक १७ सरांनी पेन्सिलने खोडली आहे. शेजारी दोन शब्द : 'आधी विचारा'.
४. कुणाला, ते लिहिलेलं नाही.

मी ऑफिसच्या गोष्टी इथे पोस्ट करत नाही. आज लिहिते आहे, कारण दुसरा मार्ग सुचत नाही.

आमच्या विद्यापीठात प्रोजेक्टर, स्मार्ट बोर्ड, माइक यांसाठी वर्षातून एकदा निधी येतो. कोणत्या खोलीला काय द्यायचं ते एक समिती ठरवते. सर त्या समितीचे सचिव. मी टेक्निकल असिस्टंट. खोल्या मोजणं आणि स्पेसिफिकेशन लिहिणं माझं काम.

यादीत नसलेली खोली आणखी एक वर्ष थांबते.

नोकरीच्या पहिल्या आठवड्यात मी सरांना एक एक्सेल शीट दाखवली. लांबी, रुंदी, उजेड, स्क्रीनचं अंतर. एकही चौकट रिकामी नव्हती.

"चावी कोणाकडे असते?"

"कसली, सर?"

"खोलीची. मास्तर काय भिंतीतून आत जाणार आहेत?"

मला राग आला होता. मग कळलं, एका विभागात स्मार्ट बोर्ड दोन वर्षं कव्हरसकट कुलपात पडून होता.

'चावी' हा आता माझ्या शीटमधला पहिला कॉलम आहे.

ते मला 'इंजिनीअरबाई' म्हणायचे. आवडत नाही, असं मी एकदा सांगितलं.
दुसऱ्या दिवसापासून 'इंजिनीअरसाहेब'.

खोली मंजूर करण्याआधी ते चालू तासाला मागच्या बाकावर जाऊन बसायचे. एका प्राध्यापकांनी वैतागून विचारलं, "अहो, इन्स्पेक्शन आहे का?"

"छे. ॲडमिशन घेतलीय."

पेनने लिहिलं म्हणजे निर्णय झाला. पेन्सिलने लिहिलं म्हणजे सरांना अजून शंका आहे. ऑफिसात हे सगळ्यांना माहीत होतं.
शंका काय, ते सांगायला आता सर नाहीत.

बुधवारी मी १७ मध्ये गेले. पुन्हा मोजलं. भिंत ठीक, वायरिंग ठीक, उजेड ठीक.

विभागप्रमुख म्हणाल्या, "खोडलं? अहो, चार वर्षं मागतोय आम्ही."

तिथे शिकवणारे सर म्हणाले, "द्या की. नको कोण म्हणेल?"

चावी शिपाई काळेमामांकडे असते. ते धायरीहून येतात. म्हणाले, "साहेब दोनदा येऊन मागं बसले. दुसऱ्यांदा पोरांशी बोलत होते. काय ते मला ठाव नाय."

तिघांना विचारलं. तिघांपैकी कुणाचीच हरकत नाही. मग खोडली का?

दफनाला मी गेले नव्हते. शनिवारी स्वारगेटच्या मागे त्यांच्या घरी गेले. भाभींनी, म्हणजे सरांच्या पत्नीने, मला आत बसवलं.

"मोजते अगदी बरोबर, विचारत मात्र नाही. ती तुम्हीच का?"

मी हो म्हटलं.

"रोज काहीतरी सांगायचे तुमचं," त्या म्हणाल्या, आणि रडायला लागल्या.

हे कौतुक होतं की तक्रार, मला कळलेलं नाही. ते दोन शब्द माझ्यासाठी होते की त्यांनी स्वतःसाठी लिहून ठेवले होते, तेही नाही.

घरी येऊन शीट उघडली. विभागप्रमुख, शिक्षक, चावी. तिथे बसणाऱ्यांसाठी कॉलमच नाही.

दोन वर्षांत मी एकाही विद्यार्थ्याला काही विचारलेलं नाही.

सरांना कदाचित हेच म्हणायचं असेल. कदाचित फक्त इलेक्ट्रिशियनला विचारायचं असेल. खात्रीने सांगता येत नाही, आणि खात्रीशिवाय सही करायची मला सवय नाही.

परीक्षा संपल्या. मुलं गावी गेली, बाकं रिकामी आहेत. पण इथले बरेच मित्रमैत्रिणी याच विद्यापीठात शिकले आहेत.

जुनी इमारत, तळमजला, खोली १७. तिथे कधीही बसला असाल तर सांगा. मागून काय दिसत नव्हतं? काय ऐकू येत नव्हतं? पांढऱ्या मिशांचे, हातात पेन्सिल असलेले एक गृहस्थ तुमच्या शेजारी येऊन बसले होते का? काय म्हणाले?
त्या खोलीत नवीन काही नको, असं वाटत असेल तर तेही लिहा.

गुरुवारी सकाळी यादी समितीपुढे जाईल. तोपर्यंत पेन्सिलची रेघ मी पुसणार नाही.

सर, विचारते आहे. उशीर झाला.

कृपया बुधवारी संध्याकाळी पाचपर्यंत उत्तर द्या.