ओटीवरची जाहीर चर्चा

रविवार, १२ जानेवारी २०२५. दुपारचे चार. आमच्या गावच्या वाचनालयाची जाहीर चर्चा त्या वेळी सुरू झाली. वाचनालयाच्या खोलीत माणसे मावत नाहीत, म्हणून सभा देवीच्या मंडपात भरली. फळ्यावर विषय होता : पती वारलेल्या स्त्रीने जत्रेत ग्रामदेवीची ओटी भरावी काय? अध्यक्ष मी. वयामुळे. दुसरे कारण कोणी सांगितले नाही आणि मीही विचारले नाही.

प्रश्न माझ्याच घरातला होता. एरवी देवळात जाण्यास माझ्या भावजयीला मज्जाव नाही. धाकटा भाऊ वारल्यापासून जत्रेच्या दिवशी मात्र ती मंडपाबाहेर, चपलांच्या ढिगाशेजारी उभी राहते आणि तेथूनच हात जोडते. ओटीचा खण दर वर्षी नवा आणते व पेटीत ठेवते. जत्रा दुसऱ्याच दिवशी होती.

त्या दुपारी मी जेवायला बसलो तेव्हा तिने विचारले, "भावोजी, तुमी कोणाच्या बाजूक?"

"अध्यक्षाला बाजू नसते."

"बाजू नाय, पण पोट आसा मां? मगे जेवा गप." आणि तिने कुळथाची पिठी वाढली.

आमच्याकडे विहिरीवर पंप बसवायचा असला तरी आधी गाऱ्हाणे घालतात. मानकरी देवीपुढे नारळ ठेवून गावाचे मागणे मोठ्याने मांडतो आणि प्रत्येक मागण्याअखेर जमलेली मंडळी एका आवाजात 'व्हय म्हाराजा' म्हणतात. चर्चाही त्यातून सुटली नाही. हा मान ज्याच्या घराण्याकडे आहे तो गावकर माझा शाळासोबती. त्याने नारळ ठेवला, सभा सुरळीत पार पडो असे मागितले, आम्ही 'व्हय' म्हटले. आणि लगेच तोच विषयाच्या विरोधात बोलायला उभा राहिला.

"रीत ती रीत," तो म्हणाला. "आणि चर्चेन काय ठरणा नाय. चर्चा वाऱ्यार जाता. हय, देवीम्होरे व्हय म्हटला काय ठरला. ता मागे फिरणा नाय."

टाळ्या पडल्या. भावजय खाली मान घालून पदराचे टोक दुमडत होती.

त्यानंतर जत्रेसाठी मुंबईहून आलेले एक निवृत्त अधिकारी बोलले. ते तिच्या बाजूचे होते. परंतु 'सामाजिक परिवर्तनाची प्रक्रिया' त्यांच्या भाषणात इतक्या वेळा घडली की मागच्या मंडळींनी पानाचे डबे उघडले. वेळ संपली म्हणून मी घंटा वाजवली. ती आरतीची समजून त्यांनी भक्तिभावाने हात जोडले आणि भाषण पुढे चालू केले. बाजू भक्कम होती. ऐकणारे उरले नव्हते.

शेवटी भावजयीला बोलावले. माईक तिने नाकारला. ती सरळ गावकराने ठेवलेल्या नारळापाशी गेली, पदर खांद्यावरून पुढे घेतला आणि देवीकडे तोंड करून खणखणीत आवाजात सुरू झाली.

"बा देवा म्हाराजा! आज ह्या मांडार तुझी लेकरा जमली आसत..."

"व्हय म्हाराजा!" मंडप म्हणाला.

"कोणाचा काय चुकला माकला आसात तर पोटात घाल..."

"व्हय म्हाराजा!" पानाचे डबे मिटले.

"जिचो घोव आसा ती, आणि जिचो घोव गेलो ती, दोगीव तुझीच लेकरा..."

"व्हय म्हाराजा!"

"उद्या तुझी ओटी भरूक जी कोण येतली, तिची ओटी गोड मानून घे! आणि कोण आडवो इलो तर तेका गोड बोलान बाजूक कर!"

"व्हय म्हाराजा!"

हा शेवटचा होकार सर्वांत मोठा झाला. त्यात गावकराचा आवाज वेगळा ऐकू आला. व्हय म्हणताना उचललेला त्याचा हात अजून वर होता. जन्मभर गाऱ्हाणे तो घालत आला. दुसऱ्याचे ऐकण्याची त्याला सवय नव्हती, म्हणून शब्द न ऐकताच तालात तोही म्हणून गेला. मग मंडपात असा हशा उसळला की कौलांवरची कबुतरे उडाली.

"फसवलंस गो आमका!" गावकर ओरडला.

"मी खंय फसवलंय? मी मागलंय, तुमी व्हय म्हटलास. आता देवीकच सांगा, चुकान म्हटलंव म्हणान."

गावकराने देवीकडे पाहिले. मग माझ्याकडे. निवृत्त अधिकारी उभे राहिले. "अध्यक्ष महाराज, ही प्रक्रिया नियमाला धरून आहे काय?"

मी निर्णय दिला. "देवीपुढचे व्हय मागे फिरत नाही, असे पहिल्या वक्त्यानेच सांगितले आहे. विरोधी आवाज आलेला नाही. सभा संपली." माझ्याही तोंडून चारही वेळा 'व्हय' गेले होते. अध्यक्षाला बाजू नसते, हे मला मागाहून आठवले.

गावकर हसू लागला. हसताना तो अजून शाळेतल्यासारखाच दिसतो. "उद्या सकाळीच ये गो," तो तिला म्हणाला, "मगे गर्दी होतली. पण गाऱ्हाणा मीच घालतलंय!"

"घाला. व्हय मी म्हणतलंय."

घरी परतताना पायवाटेवर ती माझ्यापुढे चालत होती. एरवी मागे असते.

तिने दिवा लावला. मी पडवीतले नारळ कानाशी हलवून एक पाण्याने भरलेला निवडला, शेंडी राखून सोलला आणि तिच्या पेटीवर ठेवला.