पाचोळ्याचं मशीन

पानं उडवायचं मशीन आमच्या सोसायटीत पहिल्यांदा आलं तेव्हा मी बाल्कनीत चहा पीत होतो. खाली कोणीतरी मोटरसायकल रेस करतंय असं वाटलं, पण आवाज थांबेचना. वाकून पाहिलं तर एक मध्यमवयीन माणूस पाठीवर इंजिन बांधून, हातातली जाड नळी हलवत चालला होता आणि कंपाउंडमधली वाळकी पानं त्याच्यापुढे पळत होती. मला तर मजाच वाटली.

नवी मुंबईत, सीवूड्सच्या आमच्या भागात बिल्डिंगी उभ्या राहिल्या तेव्हा लावलेली झाडं आता तिसऱ्या-चौथ्या मजल्याला टेकली आहेत. थंडी सरली की रेन ट्री आणि बदाम एकदमच गळायला लागतात. झाडायला येणाऱ्या मावशी शेजारच्या करावे गावातल्या. त्या एका टोकाकडून झाडत दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत पहिलं टोक पुन्हा भरलेलं असायचं. म्हणून कमिटीने बागकामाच्या कंत्राटदाराला बोलावलं, आणि त्याने हा माणूस मशीनसकट पाठवला.

मी अजून खाली बघत होतो तेवढ्यात मागून बायकोचा खोकला आला. मी कप ठेवला आणि सगळ्या खिडक्या लावल्या.

आदल्या पावसाळ्यात तिला न्यूमोनिया झाला होता. ती त्यातून उठली, पण फुप्फुसं पहिल्यासारखी राहिली नाहीत. धूळ, धूर, उदबत्ती, कशानेही दम लागायचा. डॉक्टरांनी श्वासातून औषध ओढायचे दोन पंप दिले होते, एक रोजचा आणि एक अडीअडचणीचा. अडीअडचणीचे मी जास्तीचे आणून ठेवले होते. एक तिच्या पर्समध्ये, एक फ्रिजवर, एक उशाशी.

त्या दिवसापासून माझी सकाळ त्या मशीनने ताब्यात घेतली. आवाज यायच्या आधीच मी जागा होऊन वाट बघायचो. आला की खिडक्या, मग बाल्कनीचं दार, मग दाराखालच्या फटीत ओला टॉवेल. बंद झाला तरी धूळ बसायला वेळ लागेल म्हणून लगेच काही उघडू द्यायचो नाही. घरात उकडायचं. दुपारी ती झोपली की मी वर्तमानपत्र धरून समोर बसायचो आणि तिची छाती वरखाली होते का ते बघायचो.

एकदा तिने डोळे न उघडताच विचारलं, "काय बघताय?"

"काही नाही."

"जिवंत आहे मी. वाचा तुमचा पेपर."

मी सेक्रेटरीकडे गेलो. माझ्या मुलाच्या वयाचा, चांगला माणूस. त्याने ऐकून घेतलं. "काका, टेन्शन घेऊ नका. टायमिंग फिक्स करून टाकू. त्या वेळात काकूंनी खाली यायचं नाही, म्हणजे प्रॉब्लेम नाही."

टायमिंग फिक्स झालं, नोटीसही लागली. पण त्या माणसाला दिवसात बऱ्याच सोसायट्या करायच्या असायच्या. एके ठिकाणी पाणी तुंबलं, दुसरीकडे गाड्या हलवायला कोणी येईना, की आमच्याकडची वेळ चुकायची. तो कधीही यायचा.

असाच एकदा तो अवेळी आला. मशीनची वेळ टळून गेली होती, म्हणून बायको पर्स न घेता, नुसती पिशवी घेऊन कोथिंबीर-मिरच्या आणायला गेटवरच्या भाजीवाल्याकडे गेली होती. मी स्वयंपाकघरात होतो. आवाज सुरू झाला तेव्हा मला वाटलं, ती गेटजवळ असेल, पुढच्या बाजूला, तिथे मोकळी हवा आहे. तरी बघावं म्हणून बेडरूमच्या खिडकीत गेलो.

आमच्या बिल्डिंगची मागची भिंत आणि कंपाउंडची भिंत यांच्यामध्ये एक अरुंद बोळ आहे. वाऱ्याने पानं तिथेच येऊन साचतात आणि त्यांच्याखाली वर्षभराची धूळ. बोळ तपकिरी धुळीने भरला होता. कानात कापसाचे बोळे घातलेला तो माणूस खाली मान घालून पुढे सरकत होता, आणि त्याच्या समोर, धुळीच्या पलीकडच्या टोकाला, मला तिची पिवळी ओढणी दिसली. उन्हातून यायला नको म्हणून ती मागून आली होती.

मी ओरडलो. तिसऱ्या मजल्यावरून, अंगातली होती नव्हती ती ताकद लावून ओरडलो. माझं ओरडणं मला स्वतःलाही ऐकू येत नव्हतं. ती भिंतीला हात लावून खाली बसताना दिसली. मग कुठूनतरी मावशी धावत आल्या. त्यांनी हातातला झाडू टाकला आणि सरळ त्या नळीसमोर जाऊन दोन्ही हात हलवले. मशीन बंद झालं. तेव्हा कुठे माझा आवाज माझ्या कानावर पडला. मी अजून ओरडतच होतो.

फ्रिजवरचा पंप उचलून मी जिना उतरलो. खाली ती बोळाच्या कट्ट्यावर बसली होती. मावशींनी तिला पाठीमागून धरलं होतं.

"काका, घाबरू नका," मावशी म्हणाल्या. "बाय बोलते हाय. धूल लय गेली नाकातोंडात."

ती बोलत नव्हती. प्रत्येक श्वासाला शिट्टीसारखा आवाज येत होता आणि गळ्याच्या शिरा ताणल्या होत्या. मी पंपाचं टोपण काढायला लागलो तर ते निघेना. तिने माझ्या हातातून पंप घेतला, टोपण काढलं, श्वास सोडला आणि नीट, डॉक्टरांनी शिकवलं होतं तसा ओढला. मग पुन्हा एकदा. मी नुसता बघत उभा राहिलो.

थोडं बरं वाटलं, पण पुरेसं नाही. रिक्षा करून हॉस्पिटलात नेलं. मशीनवाला रिक्षापर्यंत धावत आला. "साहेब, मला दिसल्याच नाहीत हो," एवढंच तो परत परत म्हणत होता. त्याच्या भुवयासुद्धा धुळीने पांढऱ्या झाल्या होत्या. तोंडाला रुमाल बांधलेला, तोही मळलेला. मला त्याच्यावर रागवायचं होतं, पण त्याच्याकडे बघून रागवता आलं नाही.

हॉस्पिटलात नाकातोंडावर मास्क लावून वाफेचं औषध दिलं आणि संध्याकाळी घरी सोडलं. आलो तर दाराच्या कडीला भाजीची पिशवी अडकवलेली होती. मशीनवाल्यानेच वर आणून ठेवली असणार.

कमिटीची मीटिंग झाली. मशीन पूर्ण बंद करा म्हणणारे थोडे होते. पाचोळा साठला तर डास होतील, पावसाळ्यात गटारं तुंबतील, हे इतरांचं म्हणणंही खोटं नव्हतं. शेवटी सेक्रेटरी म्हणाला, "पानं ओढून घेणारं मशीनपण असतं म्हणे. काका, तुम्हीच जाऊन बघून या ना. तुम्हाला पटेल तेच घेऊ."

मी पावणे एमआयडीसीत गेलो. तिथल्या कारखान्यांच्या गल्लीत एका गाळ्यात असली मशीनं विकायला आणि दुरुस्तीला असतात. मालक पन्नाशीचा, शांत माणूस. मी काही विचारायच्या आधी त्याने विचारलं, "जागा केवढी? आणि आजूबाजूला काय आहे, बंगला की बिल्डिंग?"

त्याने एकेक मशीन दाखवलं. वायरवालं हलकं होतं, पण माणूस वायरीत अडकायचा आणि लांबवर प्लग शोधत फिरायचा. बॅटरीवाल्याचा आवाज कमी, जोर कमी-जास्त करता येत होता, फक्त चार्जिंग लवकर उतरायचं. पेट्रोलचं पाठीवरचं मला माहीतच होतं. मग त्याने मोठी कापडी पिशवी लावलेलं एक मशीन पुढे ओढलं. ते पानं खेचून घ्यायचं, आतलं पातं त्यांचा चुरा करायचं आणि चुरा पिशवीत पडायचा.

"म्हणजे धूळ उडतच नाही?" मी विचारलं.

"उडते. पिशवीच्या कापडातून बारीक धूळ येतेच. आणि पानं ओली असली की ह्याचा घसा दाटतो."

मी त्याला चालू करायला सांगितलं आणि पिशवीजवळ हात धरला. तळवा करडा झाला. मी तो तळवा इतका वेळ बघत राहिलो की मालकाने मशीन बंद केलं.

"घरात कोणाला श्वासाचा त्रास आहे का?"

मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मग सगळीकडे मशीन नका चालवू. समोरच्या रस्त्यावर, पार्किंगमध्ये हे चालेल. बिल्डिंगच्या लगत मात्र पाणी शिंपडून झाडूच मारा."

तसंच ठरलं. पेट्रोलचं मशीन परत गेलं, पिशवीवालं आलं. तोच माणूस ते चालवायला शिकला. मागचा बोळ मावशींकडे राहिला आणि तिथे पाण्याचा पाइप बसवून दिला. खरं तर मी सुटलो असं वाटायला हवं होतं.

पण माझी भीती काही मशीनबरोबर परत गेली नाही. नव्या मशीनचा आवाज फारच कमी होता, तर तो ऐकू येतो का म्हणून मी कान लावून बसायचो. तिला खाली जाऊ देईना. भाजी मी आणायचो, दूध मी आणायचो. तिची मैत्रीण फिरायला बोलवायला आली तर मीच दारातून सांगितलं की डॉक्टर नको म्हणालेत. डॉक्टर असं काही म्हणाले नव्हते. ती आतून ऐकत होती. त्यानंतर ती हळूहळू कमी बोलायला लागली, आणि मला वाटलं, तब्येतीमुळे असेल.

एका संध्याकाळी औषधं घेऊन परत आलो तर घरात ती नव्हती. मोबाइल टेबलावर होता. बागेत नव्हती, मागच्या बोळात नव्हती, शेजाऱ्यांकडे नव्हती. वॉचमन म्हणाला, "मॅडम मावशीबरोबर गेल्या, करावेकडे."

करावे काही लांब नाही. पण त्या रस्त्यावर मी काय काय बघितलं ते सांगता येत नाही. कोणी रस्त्याकडेला घोळका करून उभं असलं की तिकडे वळायचो. एक रिक्षा जोरात गेली तर वाटलं, तिलाच घेऊन चालली. गावच्या तलावापाशी पोचलो तेव्हा शर्ट अंगाला चिकटला होता.

मावशींचं घर विचारत गेलो. ओट्यावर दोघी बसल्या होत्या, हातात चहा. मावशी काहीतरी सांगत होत्या आणि माझी बायको हसत होती. मला बघून तिने कप खाली ठेवला.

"बसा आधी. तुम्हालाच पंप द्यावा लागेल असं दिसतंय."

"सांगून तरी जायचं," मी धापा टाकत म्हणालो.

"सांगितलं असतं तर सोडलं असतं?"

मी ओट्यावर टेकलो. मावशी उठल्या. "चाय आनते काका तुमाला," म्हणून आत गेल्या आणि चांगला वेळ आतच राहिल्या.

ती हळू बोलली. "त्या दिवशी मला श्वास कमी पडला, तो औषधाने परत आला. पण तुम्ही दिवसभर माझ्याकडे बघत बसता ना, त्याने जीव गुदमरतो. खिडकी उघडायलासुद्धा भीती वाटते मला. धुळीची नाही, तुमच्या चेहऱ्याची."

तिने पर्स उघडून दाखवली. पंप आत होता. आपला आपण घेऊन निघाली होती.

मी म्हणालो, "मला भीती वाटते." एवढ्या महिन्यांत हे मी तिला पहिल्यांदाच सांगत होतो. तिने मान हलवली. "मलापण वाटते. पण मग काय करायचं, दोघांनी घरात कोंडून घ्यायचं?"

आम्ही चहा प्यायलो आणि तलावाच्या कडेने सावकाश परत आलो. वाटेत ती दोनदा थांबली. मी विचारलं नाही.

आता ती आठवड्यातून दोन-तीनदा करावेला जाते, मैत्रिणीबरोबर फिरायलाही जाते. मोबाइल नेते, तेवढं मी कबूल करून घेतलं. ती खाली दिसली की मशीनवाला लांबूनच मशीन बंद करून उभा राहतो, आणि ती त्याच्या मुलीच्या कॉलेजची चौकशी करून पुढे जाते. दम अजून लागतो, एखादा दिवस वाईट जातो. माझी झोप अजून लवकर मोडते.

गेल्या आठवड्यात जेवताना तिला ठसका लागला आणि तो थांबेना. मी खुर्चीतून अर्धा उठलो. तिने खोकता खोकताच हात वर करून मला थांबवलं. मी परत बसलो. अवघड गेलं, पण बसलो.