तारेवरच्या गोष्टी

मी जन्माची भित्री. भीतीच्या कथा लिहिणारी बाई भित्री आहे म्हटलं की लोकांना हसू येतं. पण ज्याला भीती वाटत नाही त्यानं भीतीचं लिहूच नये, असं माझं मत आहे. कधी चूल न पेटवलेल्या माणसानं पुरणपोळी शिकवावी, तसलाच तो प्रकार. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात. माझ्यापाठी तो लहानपणापासून होता, फक्त माझ्या ब्रह्मराक्षसाला शिंगं नव्हती आणि तो दिवसाढवळ्या गावात हिंडायचा.

अठ्ठ्याहत्तरच्या उन्हाळ्यात मी परभणीच्या टेलिफोन ऑफिसात ऑपरेटर म्हणून लागले. कानाला हेडफोन, समोर भोकाभोकांचा उभा बोर्ड, हातात दोऱ्या. कुणाला सेलूला बोलायचं असलं की दोरीचं एक टोक इथं खुपसायचं, दुसरं तिथं. सकाळी मोंढ्यातले व्यापारी भाव विचारून विचारून जीव खायचे. जेवणं झाली की मात्र अख्खा जिल्हा पेंगायचा आणि बोर्डावर एक दिवा लागायचा नाही. अशाच एका दुपारी शेजारच्या खुर्चीवरच्या बाईंनी मला विचारलं, "त्या कागदावर काय खरडायलीस?"

"गोष्ट."

"कसली?"

"भीतीची," मी म्हटलं आणि कागद झाकला.

या बाई माझ्यापेक्षा वयानं बऱ्याच मोठ्या, ऑफिसात सगळ्यांत जुन्या. मी काही बोलायच्या आत त्यांनी दोऱ्या अशा काही जोडल्या की सेलू, ताडकळस आणि आम्ही दोघी एकाच तारेवर आलो. मग ऐटीत म्हणाल्या, "ऐका हो, परभणीत नवीन गिऱ्हाईक आलंय. भुताचं लिहितंय."

ही त्यांची जुनी मंडळी होती. सेलूच्या एक्स्चेंजवर एक तरुण ऑपरेटर होता, त्याला विनोदी लिहायचा नाद. ताडकळसच्या पोस्टात टेलिफोन सांभाळणारे म्हातारे पोस्टमास्तर होते, ते शिकारीच्या गोष्टी सांगायचे, शिकार न करता. बाई स्वतः घरगुती कथा लिहायच्या. दुपारी काम नसलं की तारा जोडून हे एकमेकांना वाचून दाखवत. खात्याला कळलं असतं तर चौघांचीही खैर नव्हती. म्हणून नियम असा की कुणी कुणाचं नाव घ्यायचं नाही, गावाच्या नावानंच हाक मारायची. दुसरा नियम हुंकाराचा. तोंड दिसत नाही, मान हललेली कळत नाही, म्हणून ऐकणाऱ्यानं वाक्यावाक्याला हं म्हणायचं. हुंकार थांबला तर साहेब आला किंवा माणूस झोपला समजायचं आणि गोष्ट तिथंच थांबवायची.

मग मी माझी पहिली गोष्ट वाचली. एका गावात दाराच्या कड्या विकणारा येतो. चोरांची भीती घालून घरोघर कड्या विकतो, लावूनही देतो. सकाळी लोक दार उघडायला जातात तर सगळ्या कड्या बाहेरून लावलेल्या. एवढीच गोष्ट. वाचता वाचता हुंकार बारीक होत गेले, पण थांबले नाहीत.

"भूत कुठं हाय ह्यात?" सेलूनं विचारलं.

"भूत न्हाईच. म्हनून तर काटा आला की अंगावर," मास्तर म्हणाले. "पर कड्या लावल्या कोनी, ते सांगा ना परभणी."

"मलाही माहीत नाही," मी म्हटलं. पण मला चांगलं माहीत होतं.

मास्तरांना माझ्या गोष्टींची चटक लागली. "लय बेकार गोष्ट होती काल. मी दार उघडंच टाकून झोपलो," असं कौतुक त्यांनी एकदा केलं, त्या दिवशी मला जेवण गेलं नाही आनंदानं. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझी जात विचारायच्या आधी माझी गोष्ट ऐकली होती. तारेवर नुसता आवाज. आवाजाला वस्ती नसते. मी बौद्ध, आणि माझं गाव ताडकळसच्या पलीकडं, हे तिघांपैकी कुणालाही मी सांगितलेलं नव्हतं. झाकली मूठ सव्वा लाखाची. मास्तरांनी एकदा सहज विचारलं, "परभणी, तुमचं बोलनं आमच्या भागातलं वाटायलंय. कुन्या घरच्या तुमी?" मी "दिवा लागला" म्हणून दोरी उपटली. बोर्ड काळाठिक्कर होता. त्या दिवसापासून वाचताना मी एकेक शब्द धुऊन घ्यायला लागले. आईच्या तोंडचा एखादा शब्द निसटला तर काय, या धास्तीनं माझ्या कथांपेक्षा मीच जास्त घाबरायची.

मग पावसाळ्यात विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाडा पेटला. आम्हाला बोर्डावर बसून सगळं आधी कळायचं, हेच वाईट होतं. कुठं दगड पडले, कुठली मोटार अडवली, कुठल्या गावात वस्ती जाळली. माणसं हळू आवाजात बोलायची, आणि ज्यांचा आवाज हळू नसायचा त्यांची जास्त भीती वाटायची. मी दोरी जोडायची आणि "बोला" म्हणायची. त्यातला एखादा मला दिसला असता आणि मी त्याला दिसले असते, तर काय झालं असतं याचा विचार मी करायची नाही.

एके सकाळी ताडकळसच्या बाजूच्या दोन-तीन गावांत जाळपोळ झाल्याची खबर आली. गावांची नावं कुणी नीट सांगेना. एसटी बंद होती. गावात आई होती, भाऊ-भावजय होते आणि भावाचं तान्हं लेकरू. आमच्या गावात फोन नव्हता. त्या सगळ्या मुलखात तारेवर गाठता येईल असं एकच ओळखीचं माणूस होतं, ते म्हणजे ताडकळसचे मास्तर, आणि त्यांनाही मी कोण ते ठाऊक नव्हतं.

दुपार होईपर्यंत मी गप्प बसले. त्यांना सांगावं तर मूठ उघडली. ते कुणाच्या बाजूचे, हे मला काय माहीत? शिकारीच्या गोष्टी आवडणारा माणूस चांगला असतोच असं नाही. उद्या त्यांनी हीच खबर गावात दिली, की या वस्तीतली पोरगी टेलिफोनवर बसते, तर? आणि सांगू नये तर आई. शेवटी बाईंनीच रोजच्या सवयीनं तारा जोडल्या. "आज काय वाचायचं राहू द्या, नुसती खुशाली विचारू," त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, "मास्तर, माझी आई तुमच्याकडच्या बौद्धवाड्यात आहे." आणि गावाचं नाव सांगितलं.

कुणी हं म्हटलं नाही.

तेवढ्यात खट् आवाज झाला. सेलूनं दोरी काढली होती. बाई माझ्याकडं बघत होत्या, मी बोर्डाकडं. मग मास्तर म्हणाले, "सायकल घेऊन जातो. पोस्ट बंद करावं लागंल. साहेबाचा फोन आला तर माझं पोट बिघडलंय म्हना."

बाईंनी माझ्या बाजूचेही दिवे स्वतः घेतले. मला म्हणाल्या, "तू फक्त ताडकळसकडं बघ." मी त्या एका भोकाकडं बघत बसले. दुसऱ्याला घाबरवायला मी कागदावर किती युक्त्या केल्या होत्या, आणि इथं एक न लागणारा दिवा पुरेसा होता.

दिवा लागला तेव्हा ऊन कललं होतं. मास्तरांना धाप लागली होती. "घरं हायत, जाळली न्हाईत," ते म्हणाले. "पर मानूस न्हाई. चुली थंड. मी वस्तीत उभं ऱ्हाऊन हाका मारल्या, लय हाका मारल्या. कोनीबी ओ दिली न्हाई."

मी हेडफोन काढून ठेवला. माझी आई मेली, असंच मी त्या वेळी धरलं. रडूही आलं नाही. बाईंनी मला त्यांच्या घरी नेलं, आणि एसटी सुरू होईपर्यंत मी तिथंच राहिले. त्यांच्या सासूबाईंना त्यांनी काय सांगितलं ते मी विचारलं नाही.

एसटी सुरू झाली त्याच दिवशी, मी निघायच्या आत, आई आपण होऊन आली. ऑफिसच्या फाटकापाशी उभी होती, पायात चप्पल नव्हती. मला बघितल्यावर तिनं माझं तोंड दोन्ही हातांनी चाचपलं, मग हात, मग पाठ. आंधळ्या माणसानं चाचपावं तसं. "हायस का?" म्हणाली. "हायस ना?"

मी तिला माझ्या भाड्याच्या खोलीवर नेलं, भाकरी वाढली. ती सांगायला लागली. शेजारच्या गावातून धूर दिसला तशी सगळी वस्ती ओढ्याकाठच्या बेशरमाच्या दाट झुडपांत जाऊन लपली. भावाचं लेकरू तिच्या मांडीवर, ते रडू नये म्हणून त्याच्या तोंडात पदराचा बोळा दिलेला. दुपारी एक माणूस वस्तीत आला आणि ओरडायला लागला.

"काय ओरडत होता?" मी विचारलं.

"परभणीत टेलिफोनवर हाय त्या पोरीची आई कोन हाय, म्हनला. पोरीचं काम हाय, बाहेर या. पुन्ना पुन्ना म्हनला. लय येळ हुभा व्हता." ती भाकरीचा तुकडा नुसता चुरत होती. "मला वाटलं, तुला धरलं त्येंनी. तुला म्होरं करून आता आमाला बाहेर काडायलेत."

"मग?"

"मग काय. मी उठले न्हाई." तिनं माझ्याकडं बघितलं नाही. "तू एकली व्हतीस. हितं समदी व्हती. मांडीवर लेकरू व्हतं. तुझी भावजय माझ्याकडं बघाय लागली, मी मान हालवली. त्यो गेल्यावर बी उठले न्हाई. तुला सोडलं, असं म्हनून बसून ऱ्हायले."

मला तिचा राग आला नाही. मी खूप घाबरले, एवढंच. त्या बेशरमात तिनं मला मेलेली धरून माझ्यावर रडूनही घेतलं होतं, आणि इकडं परभणीत मी तिला मेलेली धरलं होतं. आणि तिची ती भीती मीच तिच्याकडं सायकलवर बसवून धाडली होती.

"आई, तो माणूस मी पाठवला होता," मी म्हटलं. "चांगला माणूस आहे. पोस्टातले मास्तर आहेत. तुम्ही नीट आहात का, एवढंच बघायला आले होते."

तिनं चुरलेली भाकरी ताटात गोळा केली. मला वाटलं, आता तिला रडू येईल, किंवा मला शिव्या तरी देईल.

"मंग बरं झालं उठले न्हाई," ती म्हणाली. "ह्या बारीला उठले असते आन् त्यो चांगला निघाला असता, तर पुढल्या बारीला बी उठले असते."

आणि तिनं भाकरीवर ओतायला कोरड्यास मागून घेतलं.